वाणातली शेवंती

रूपराव लाइनमनला झाडाझुडपांशी काही देणंघेणं नाही, हे अख्ख्या नाचणगावाला ठाऊक होतं. झाड म्हणजे तारेला लागणारी फांदी आणि फांदी म्हणजे छाटून टाकायची वस्तू, एवढाच त्याचा चौतीस वर्षांचा संबंध. नोकरीत होता तोवर वादळवाऱ्यात लोक दारं लावून बसायचे तेव्हा हा गडी कमरेला कोयता खोचून खांबावर. रिटायर झाला, पण तोंडातला करंट काही उतरला नाही. कुणी रामराम केला तरी आधी कपाळाला आठी, मग उत्तर. असा माणूस पासष्टीत अंगणात उकिडवा बसून शेवंतीची पानं उलटी करून पाहील असं कुणी म्हटलं असतं, तर त्यानं म्हणणाऱ्यालाच खांबाला बांधलं असतं.

पण बसत होता. रोज सकाळी बसत होता, आणि एकेक पान उलटताना त्याचा जीव खालीवर होत होता.

शेवंती त्याची नव्हतीच मुळी. ती नलूची, त्याच्या बायकोची. एकेचाळीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवाळीला माहेरी गेली होती, तेव्हा परत निघताना नलूच्या आईनं ओल्या फडक्यात बांधून चार पिल्लं तिच्या पदरात टाकली होती. पिल्लं म्हणजे शेवंतीच्या मुळाशी फुटणारी बारकी रोपं. अल्लीपूरची ती शेवंती. फूल रुपयाच्या नाण्याएवढंच, हळदीसारखं पिवळं, आणि वास असा कडसर की हाताला लागला तर जेवेपर्यंत जात नाही. नलूची आई पुढं दोन वर्षांत गेली. त्या काळात खेड्यातल्या बाईचा फोटो कोण काढणार? कुणीच काढला नव्हता. नलूला आईचं तोंडही आता नीट आठवत नसे. पण पहिलं फूल उमललं की ती ते नाकाशी धरून उभी राहायची, आणि तेवढा वेळ तिला हाक मारायची नाही हे रूपरावसारख्या आडदांडालाही कळत होतं. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी लक्ष्मीच्या घटाला हीच शेवंती. एकेचाळीस वर्षांत एकदाही बाजारचं फूल आणावं लागलं नव्हतं.

आईनं रोपांसोबत एक रीतही दिली होती. शेवंती कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. आणि ज्या घरून शेवंती आली त्या घरी, आपल्याकडं वेगळ्या रंगाची आली, तर त्यातलं पिल्लू परत धाडायचं. नलूनं ती रीत पाळली. पाणी घालायचं तर लोट्यानं, बुडाशी. पानाला थेंब लागू द्यायची नाही. "पानावर पानी पडलं का शेवंती रुसते," म्हणायची. दर माघात झाडं उपटून पिल्लं वेगळी करायची, दोन झाडांत हातभर अंतर ठेवून नव्या जागी लावायची. का, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई करायची, म्हणून ती करायची.

मग परवाच्या सालच्या पोळ्याला नलू चुलीपुढं पुरण वाटता वाटता एका अंगावर कलली. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. वर्ध्याच्या दवाखान्यात दोन महिने. मुलगा आदेश नागपूरहून येऊन-जाऊन करायचा, पण उशाशी बसून होता तो रूपरावच.

दिवाळी झाली आणि दवाखान्यातून सुटी मिळाली. औषधं घ्यायला रूपराव रस्त्यावर उतरला तर दुकानासमोर एक हातगाडीवाला कुंड्या विकत होता. त्यात एका कुंडीत गडद तांबडी शेवंती होती, एकेक फूल वाटीएवढं. रूपराव तिच्यापुढं उभा राहिला. का राहिला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी या माणसानं बायकोला साधा गजरा आणला नव्हता. "फुलं काय खाचे हायेत?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण त्या दिवशी त्यानं कुंडी उचलली, ऑटोत नाचणगावपर्यंत मांडीवर धरून आणली आणि ओसरीत नलूच्या खाटेपाशी आणून ठेवली.

"घे," म्हणाला.

बस, एवढंच. दुसरा एखादा असता तर दोन शब्द गोड बोलला असता! पण नलूला तेवढं पुरलं. तिचा अर्धा चेहरा हसला, अर्धा तसाच राहिला, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहिलं. रूपराव घाईघाईनं पंखा लावायला गेला. कार्तिकात.

तेव्हापासून अंगणातली शेवंती रूपरावच्या हाती आली. आणि आता सांगायलाच हवं, कारण इथंच माती खाल्ली: त्याला लोट्यानं बुडाशी पाणी घालायचा धीर नव्हता. त्यानं नळाला पाईप जोडला, तोंडावर अंगठा दाबला आणि रोज संध्याकाळी ट्रक धुवावा तशी झाडं वरून धुवायला लागला. पानं रात्रभर ओली. नलू खाटेवरून काहीतरी म्हणायची, पण जीभ वळत नव्हती आणि ऐकायची याला सवय नव्हती. पिवळी पडलेली पानं तोडून तो खताच्या खड्ड्यात टाकायचा आणि तेच खत पुन्हा बुडाशी घालायचा. माघात पिल्लं वेगळी करायची असतात हेही राहून गेलं. झाडं एकमेकांत शिरली, दाटली.

एक वर्ष गेलं. यंदाच्या संक्रांतीला नलू खुर्चीत टेकून बसण्याएवढी झाली. म्हणाली, हळदीकुंकू करीन. आजारानंतरचं पहिलं. वाण काय द्यायचं? सगळ्या बायका प्लास्टिकच्या वाट्या नाहीतर गाळण्या लुटतात. नलूनं ठरवलं, शेवंती लुटायची. रूपरावनं दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुतल्या, अंगणातली माती भरली आणि नलूच्या हुकमाप्रमाणं प्रत्येक पिशवीत दोन पिल्लं लावली. एक अल्लीपूरचं पिवळं, एक कुंडीतल्या तांबड्याचं. बावीस पिशव्या. बायकांचा आनंद काही विचारू नका. "नलूबाईचं वाण म्हणजे वाण!" असं गल्लीभर झालं. तेविसावी पिशवी नलूनं आपल्या भाच्यासोबत, सचिनसोबत, अल्लीपूरला धाडली. तिळाचे लाडू घेऊन आला होता तो. एकेचाळीस वर्षांत माहेरच्या शेवंतीला परत द्यायला पहिल्यांदाच वेगळा रंग घरात आला होता. पिशवी देताना नलूची मान अशी ताठ, की जणू पोरीची पाठवणीच करून राहिली होती.

पाऊस ओसरला आणि दसऱ्याच्या सुमारास अंगणातल्या पानांवर फिकट पिवळे ठिपके दिसायला लागले. रूपरावनं आधी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस पान उलटून पाहिलं तर खालून बारीक तपकिरी फोड, आणि बोट लावलं तर बोटाला भुकटी. जुन्या खांबाच्या पट्टीवरचा जंग हाताला लागतो ना, अगदी तशी. त्यानं बोट लेंग्याला पुसलं, दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. सगळीकडं तेच.

शेजारची पौर्णिमा कृषीच्या शेवटच्या वर्षाला. सुटीत घरी आली होती. तिला त्यानं कुंपणावरूनच हाक मारली.

"पोरी, इकडं ये. हे काय हाय सांगजो बरं."

पौर्णिमानं पान उन्हात धरलं. "काका, तांबेरा आहे हा. बुरशी असते. गव्हावर पडतो तसा शेवंतीवर पण पडतो." मग तिनं पाईपकडं पाहिलं. "पाणी वरून देता का?"

"मंग काय खालून देऊ?"

"खालूनच द्यायचं असते, काका! पान ओलं राहिलं की ही भुकटी रुजते. आणि रोगट पानं कुठं टाकता?"

रूपरावनं खड्ड्याकडं बोट केलं. पौर्णिमानं कपाळावर हात मारला. चौतीस वर्षं ज्याच्यापुढं साहेब लोक जपून बोलायचे, तो माणूस त्या पोरीपुढं मान खाली घालून उभा राहिला.

तिनं सांगितलं ते सगळं त्यानं केलं. अगदी वेड्यासारखं केलं. पाईप गुंडाळून माळ्यावर टाकला. लोटा घेतला. रोगट पानं खुडून पत्र्याच्या डब्यात जाळली. झाडं विरळ केली, वारा-ऊन खेळेल अशी. दवानं पानं ओली असतील तोवर हात लावायचा नाही, कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना धुवायची, हातही साबणानं धुवायचे. पाण्यात विरघळणारं गंधक आणून पाठीवर पंप घेऊन फवारलं, दहा दिवसांनी पुन्हा फवारलं. अंगणाला आगपेटीसारखा वास यायला लागला. नलू खाटेवरून पाहत असायची. तिथून पानं काही उलटून पाहता येत नव्हती, पण झाडं बुडाकडून वर वाळत चालली होती, ते समजायला जवळ जायची गरज नव्हती.

"शेवंती वाचन का जी?" तिनं एकदा विचारलं. जीभ आता बरीच सुटली होती.

"काऊन नाई वाचनार? मी का मेलो हाय?" रूपराव खेकसला. पण घास काही गेला नाही त्याला त्या दिवशी.

चिडचिड वाढली तशी ती नलूवरही निघायला लागली. एके सकाळी तिला चहा पाजताना त्याला दिसलं की तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तपकिरी झालीत. झालं! याचा पारा चढला.

"तपकीर लावून राह्यली ना तू दाताले? डॉक्टरनं काय सांगतलं होतं? कोन आनून देते तुले? शेजारची देते ना?"

नलूनं बोटं पदरात लपवली. रूपरावनं ओसरीभर तपकिरीची डबी शोधली, सापडली नाही, म्हणून आणखी चिडला. ओलं फडकं आणून तिची बोटं खसाखसा पुसली. ती गुमान पुसू देत होती.

कार्तिक सरत आला. कळ्या धरल्या होत्या त्या काळ्या पडून वाळल्या. पौर्णिमा कॉलेजला परत जाण्याआधी येऊन पाहून गेली. खोटा धीर देणारी पोर नव्हती ती.

"काका, औषध असते ते चांगल्या झाडाला लागण होऊ नये म्हणून. मुरलेला रोग त्यानं नाही जात. ही झाडं आता जाणार. कुठून तरी याच शेवंतीचं निरोगी पिल्लू आणा, लांब नव्या जागी लावा, आणि ही सगळी मुळासकट जाळून टाका."

याच शेवंतीचं! रूपरावच्या जिवात जीव आला. बावीस घरी दिली आहे की. नाही म्हटलं तरी पाच-दहा घरी तरी धडधाकट असणारच. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारला आठ दिवस होते. फूल नाही तर नाही, पण झाड तरी नलूपुढं आणून ठेवू.

लाइन बंद पडली की लाइनमन काय करतो? एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत जातो. इथं करंट आहे, पुढं नाही. म्हणजे फॉल्ट या दोहोंच्या मध्ये. रूपरावला दुसरं काही येतच नव्हतं. तो तसाच घरोघर निघाला.

पहिलं घर सुलोचनाबाईंचं, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्यांची बाग म्हणजे आरसा. रूपरावला पाहून त्या अवघडल्याच.

"या भाऊ. तुम्हाला सांगू की नको, असं झालं होतं मला. नलूबाईंना वाईट वाटेल म्हणून..." त्यांनी मागच्या वाफ्यात नेलं. वाफा रिकामा होता. "सगळ्या पानांना काहीतरी खरूज झाली. उपटून टाकली. आधी ती तांबडी खराब झाली, मग पिवळी गेली."

दुसरं घर पद्माबाईंचं. तिथं झाडं होती, पण रूपरावनं पान उलटलं आणि सोडून दिलं. "पहिले तांबड्यालेच झालं जी," पद्माबाई म्हणाल्या. "मले वाटलं, हायब्रीड हाय, नाजूक असन."

तिसरं घर. चौथं. सातवं. कुणी फेकून दिली होती, कुणाकडं मरायला टेकली होती, कुणी लाजून "बकरीनं खाल्ली" म्हणून सांगितलं. आणि जिथं विचारलं तिथं तेच: आधी तांबडी, मग पिवळी. दहाव्या घराच्या फाटकापाशी रूपरावचे पाय थांबले. खांबामागून खांब बघत तो पुढं पुढं चालला होता आणि फॉल्ट मागं राहत चालला होता. मागं. त्याच्या स्वतःच्या ओसरीकडं.

घरी आला तो सरळ कुंडीपाशी. नलू झोपली होती. त्यानं तांबड्या शेवंतीचं एक पान उलटलं. स्वच्छ. दुसरं उलटलं. स्वच्छ. झाड बुडाशी बोडकं झालं होतं, पण जी मूठभर पानं शेंड्याला होती त्यांच्यावर एक डाग म्हणून नव्हता. रूपराव भिंतीला टेकला. नाही. आपल्या कुंडीतून नाही गेला. दुसऱ्या कुणाच्या बागेतून आला असेल, वाऱ्यानं आला असेल. एवढी सुटका त्याला गेल्या दोन महिन्यांत वाटली नव्हती. काय म्हणावं या माणसाला! आयुष्यभर मीटर तपासून मगच विश्वास ठेवणारा, आणि आज चार पानं पाहून समाधान मानून मोकळा झाला.

उरलं अल्लीपूर. मूळ झाड तिथंच होतं. नलूच्या आईच्या हातचं, आता तिच्या वहिनीच्या, शकुबाईच्या परसात.

"अल्लीपूरले जाऊन येतो," त्यानं नलूला सांगितलं. "तुह्या मायच्या घरून पिल्लू आनतो. एकदम फर्स्ट क्लास."

नलू त्याच्याकडं पाहत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं त्याला वाटलं, पण बस निघून जाईल म्हणून तो थांबला नाही. पौर्णिमाच्या आईला नलूकडं लक्ष द्यायला सांगून निघाला.

वर्ध्याला गाडी बदलली. पिशवीत ओलं फडकं, जुनी वर्तमानपत्रं आणि हात धुवायला साबणाची वडी. पौर्णिमानं सांगितलेलं काही म्हणून विसरला नव्हता. कापसानं भरलेल्या गाड्या बसला आडव्या येत होत्या, ड्रायव्हर शिव्या देत होता, आणि रूपराव आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही न बोलता खिडकीतून बाहेर पाहत होता. गुरुवारी नलूच्या उशाशी पिल्लू ठेवायचं. घटाला यंदा बाजारचं फूल चालेल, पुढच्या साली आपलं असेल. माघात पिल्लं वेगळी करायची. लोट्यानं पाणी. त्यानं सगळं मनाशी पक्कं केलं होतं.

शकुबाई अंगणात तूर पाखडत होती. जावयाला असं न कळवता आलेलं पाहून तिच्या हातातलं सूप खाली गेलं.

"जवाईबापू! नलू बरी हाय ना?"

"बरी हाय, बरी हाय. शेवंतीचं पिल्लू न्याले आलो."

शकुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. विहिरीमागं जिथं नलूच्या आईचा वाफा होता तिथं ती त्याला घेऊन गेली. काळी पडलेली काटकं उभी होती. एका कोपऱ्यात एकच झाड जरा हिरवं दिसत होतं. रूपराव त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला. पान उलटलं. मग दुसरं. मग सगळीच उलटून पाहिली, शेंड्यापर्यंत. कोवळ्या पानालाही खालून फोड होते.

"नलूची तांबडी शेवंती आली न जी संक्रांतीले," शकुबाई मागून हळू आवाजात म्हणाली, "मोठ्या हौसेनं हिच्या शेजारीच लावली मी. म्हटलं, मायच्या झाडाशेजारी लेकीचं झाड. पावसाळ्यात आधी ती बसली. मंग सारंच गेलं. आपल्या सासूच्या हातचं झाड, माह्या हातून गेलं, बापू. तीन रात्री झोप नाई मले." ती रडायला लागली. "तिले नका सांगू. तिचा जीव जाईन."

रूपरावला तिला सांगायचं होतं की तुझ्या हातून नाही गेलं. पण मग कुणाच्या हातून गेलं ते सांगावं लागलं असतं. त्यानं साबणाची वडी तशीच पिशवीत ठेवली आणि उठला. शकुबाई चहाला थांबा म्हणत राहिली.

परतीच्या बसमध्ये त्यानं पुन्हा पुन्हा तेच केलं: मागं जाऊन पाहिलं. शकुबाईचा वाफा, तिथं सचिननं नेलेली पिशवी. सुलोचनाबाईंचा वाफा, तिथं वाणाची पिशवी. बावीस पिशव्या, तेविसावी पिशवी, सगळ्यांत एक तांबडं. तांबडं कुंडीतलं. कुंडी हातगाडीवरची. आणि हातगाडीपुढं उभा कोण होता? सगळ्या तारा एकाच खांबाला येऊन मिळत होत्या, आणि त्या खांबावर तोच चढला होता.

दुपार कलताना घरी पोचला. येताना वाटेत ठरवून टाकलं होतं, खोटं बोलायचं.

"हाय तिकडं," पिशवी खुंटीला लावत तो म्हणाला. "मस्त हाय झाड. पन शकुवहिनी म्हन्ते, आता नाई, फागुनात न्या. आता उपटलं त मरन."

"असं का," नलू म्हणाली. "इकडं या बरं."

तो जाऊन खाटेवर बसला. नलूनं डाव्या हातानं त्याचा हात धरला, उलटा केला आणि बोटं पाहिली. अंगठा आणि त्याशेजारचं बोट तपकिरी होतं. नखांच्या कडेत भुकटी बसली होती. साबणाची वडी घेऊन गेलेला शहाणा माणूस हात धुवायला विसरला होता.

"मायचं झाड बी गेलं," नलू म्हणाली. विचारलं नाही तिनं. नुसतं म्हटलं.

रूपराव तिच्या हातातली आपली बोटं पाहत राहिला. त्यानं मान हलवली. मग एकदम त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. "मीच आनलं वं ते. त्या कुंडीतून आलं सारं. तुह्या मायच्या घरी बी मीच पोचवलं. त्या पिशव्या मी भरल्या, नलू, ह्या हातानं भरल्या. पन कुंडीतल्या झाडावर एक डाग नाई! मी पाह्यलं न. कसं काय मंग..."

नलूनं त्याचा हात सोडला आणि आपली उशी बाजूला सरकवली. उशीखाली गादीच्या कडेला एक मळका रुमाल होता. तिनं तो एका हातानं कसाबसा उलगडला. आत वाळलेली पानं होती, ओंजळभर. तांबड्या शेवंतीची. प्रत्येकाच्या पाठीवर तपकिरी फोड. रूपरावनं पानांकडं पाहिलं, मग तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडं, आणि तपकीर म्हणून ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलेली ती बोटं त्याला आठवली.

"डाग दिसला का तोडत होती मी," ती म्हणाली. "तुमाले दिसू नये म्हनून."

"कव्हापासून?"

"तुमी आनली त्याच दिवशी पान उलटून पाह्यलं होतं. खाली दोन फोड होते. मायनं सांगतलं होतं, असं पान दिसलं त झाड घरात घेऊ नये."

"मंग बोलली काऊन नाई तू?" तो ओरडलाच. "फेकून देतो ना मी!"

"कशी बोलू?" नलूचा आवाज चढला नाही. "चाळीस वर्सात पहिल्यानं काईतरी आनलं तुमी. मांडीवर धरून आनलं. मी म्हनू, टाका उकिरड्यावर?" ती थांबली. जीभ पुन्हा जड झाली होती, शब्द ओढून आणावे लागत होते. "वाटलं, दोन तर फोड हायेत. तोडून टाकू, काय होते. संक्रांतीले पानं साफ दिसली, मले वाटलं गेलं. मायच्या घरी लाल फूल धाडावं अशी हौस आली. तुमी आनलेलं फूल."

रूपराव खाटेच्या कडेला बसून राहिला. बाहेर कुणाच्या तरी घरी गुरुवारच्या घटाची तयारी चालली होती, बायका पाच झाडांच्या डहाळ्या मागत फिरत होत्या.

"आज जाळून टाका सारं," नलू म्हणाली. "मले पाहू द्या."

त्यानं तिची खाट ओसरीच्या तोंडाशी ओढली. अंगणातली झाडं एकेक करून मुळासकट उपटली, पौर्णिमानं सांगितलं होतं तशी, माती झटकून. पत्र्याच्या डब्यात कडबा टाकला, वर काटकं, वर ती पिवळी शेवंती. वाळलेली होती, लगेच धडधडली. तो कडसर वास शेवटचा एकदा अंगणभर पसरला. नलूनं डोळे मिटले आणि छाती भरून आत घेतला. रुमालातली पानंही त्यानं त्यात टाकली.

कुंडी राहिली. रूपराव तिच्यापुढं उभा राहिला आणि त्याचा हात पुढं होईना.

"ते बी," नलू म्हणाली.

त्यानं झाड बुडाशी धरून ओढलं. मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचा तसाच्या तसा बाहेर आला. ते आगीवर ठेवताना त्याच्या लक्षात आलं की शेंड्याच्या पानांत एक कळी होती, हरभऱ्याएवढी, अजून हिरवी. नलूलाही ती दिसली असावी, पण तिनं त्याला थांबवलं नाही.

"मी दुसरी आनतो," तो तिच्याकडं पाठ करूनच म्हणाला. "चांगली पाहून आनतो. पान उलटून पाहून. तुले दाखवून."

"नका आनू," नलू म्हणाली. "आता काईच नका आनू."

ओल्या झाडाला पेट घ्यायला वेळ लागला. रूपराव काठीनं ते आत ढकलत राहिला, आणि नलू मागं खाटेवर पडून धूर संपेपर्यंत पाहत राहिली.